आत्याच्या नावाची कांडी

लुंकुसेचा फोटो मासाका शहराच्या बाजारात लागलाय, ही बातमी गावात आणली नालोंगोने. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिचं खरं नाव आता तिच्या नवऱ्यालाही आठवत नसेल. गुडघे धरत, कण्हत ती लुंकुसेच्या अंगणात शिरली आणि टेकायच्या आधीच बोलायला लागली.

“अगं, केवढा मोठा फोटो! बिशप येतात तेव्हासुद्धा एवढा लावत नाहीत. तू, अंगात तुझी ती सणाची पिवळी गोमेसी, मागे सगळी झाडं आणि पायाशी कोंबडी. कोंबडीही ओळखली मी. ती नागड्या मानेची.”

“कुठे म्हणालीस?”

“टॅक्सी थांब्याच्या मागे. तुझ्या नाबुकालूच्या टपरीवर. खाली लिहिलंय म्हणे, ‘लुंकुसे आत्याचं औषध’. पोराने वाचून दाखवलं. आता आम्हाला ओळख देशील ना, बाई?”

लुंकुसे हसली आणि हसू लपवायला उगाच कोंबड्या हाकलायला उठली. ईस्टरला घरी आली होती तेव्हा भाची नाबुकालूने तो फोटो काढला होता. “पोरांना दाखवायला” म्हणाली होती. टपरीवर लावते म्हणून विचारलं असतं तरी लुंकुसे नाही म्हणाली नसती. विचारलं नाही, तेवढं जरा खटकलं. पण दिवस बरे चालले असले की खटकलेलं माणूस फार वेळ मनात ठेवत नाही.

तिचे बरे दिवस उशिरा आले होते. तरुणपणी तिला सरोवरातल्या बेटावर एका कोळ्याला दिली होती. मूल झालं नाही. कोळ्याने दुसरी आणली, आणि एका सकाळी लुंकुसे आपलं बोचकं घेऊन होडीत बसली. थोरला भाऊ मुकीबी, त्याने बापाच्या जमिनीतला एक पट्टा तिला काढून दिला. पुढे दोन खोल्या, बाजूला केळी, आणि मागे ओसाड रान. त्या रानात तिने हळूहळू सगळं लावलं. रानतुळस, कोरफड, गवती चहा, कुंपणावर रानकारल्याचा वेल, आणि तापावरचा तो कडू पाला, ज्याचं नुसतं नाव काढलं तरी आमची पोरं तोंड वाकडं करतात. झाडांमधून कोंबड्या फिरायच्या, किडे वेचायच्या, खत टाकायच्या. तिच्या घरात विकतची वस्तू म्हणजे मीठ आणि काड्यापेटी.

आईकडून ती मुंब्वा, म्हणजे औषधी मातीच्या कांड्या, वळायला शिकली होती. पाला, साल, मुळं वाळवायची, उखळात कुटायची, दलदलीतल्या काळ्या चिकणमातीत मळायची आणि बोटाएवढ्या कांड्या करून सावलीत सुकवायच्या. मग लागेल तेव्हा दगडावर थेंबभर पाणी टाकून उगाळायची. चाटवायची नाहीतर दुखऱ्या जागी लावायची. तान्ह्या पोराच्या पोटदुखीला एक, बाळंतिणीला एक, सांध्यांना एक. लुंकुसेच्या कांडीने मेलेला उठत नसे. पण पोर रडायचं थांबे, आईला झोप लागे, आणि तिच्या अंगणात बसून चार गोष्टी बोललं की म्हाताऱ्यांचं दुखणंही निम्मं होई.

मुकीबीची पहिली बायको घर सोडून गेली तेव्हा नाबुकालू जेमतेम चालायला लागली होती. आमच्यात मुलीला वळण लावायचं काम आत्याचंच. त्यामुळे मुकीबीने पोरगी आणून बहिणीच्या दारात सोडली, यात कोणालाच काही वाटलं नाही. त्याने दुसरं लग्न केलं. पोरगी आत्याकडेच राहिली.

ती कोंबड्यांमध्येच वाढली म्हणा ना. खुडूक कोंबडी कोणाला हात लावू देत नाही, पण नाबुकालू तिच्या पोटाखालून अंडी काढून उन्हाकडे धरून बघायची आणि परत ठेवायची. एका वर्षी कोंबड्यांवर मर आली. लाल मिरची, कोरफडीचा गर आणि राख पाण्यात कालवून पोरगी दिवसभर एकेक चोच उघडून पाजत बसली. बऱ्याचशा मेल्याच. ती इतकी रडली की लुंकुसेने मेलेल्या कोंबड्या तिला दिसू नयेत म्हणून केळीच्या मागे खड्डा खणून पुरल्या.

एकदा पाणवठ्यावर कोणीतरी पोरीला विचारलं, “ही तुझी आई का गं?”

“नाही,” पोरगी म्हणाली, “आत्या आहे.”

खोटं काय होतं त्यात? तरी लुंकुसे त्या दिवशी जेवली नाही.

नाबुकालूचं लग्न मासाकातल्या एका मोटारसायकलवाल्याशी झालं. दोन पोरं झाली. पुढे तिने टपरी घातली आणि आत्याच्या कांड्या तिथे ठेवायला लागली. सुरुवातीला लुंकुसे केळीच्या सोपात गुंडाळून कांड्या पाठवायची. मग नाबुकालू म्हणाली, “आत्या, तुझे हात दुखतात मळून मळून. तू मला वाळलेला पाला आणि माती पाठव. वळायचं मी बघते. शिकवलंयस ना तूच?” लुंकुसेला बरं वाटलं. पोरीला आपली काळजी आहे, आणि आपलं कसब पुढे चाललंय. आणखी काय हवं माणसाला?

फोटोची बातमी आणली त्याच सुमारास नालोंगोच्या मुलाने, वास्वाने, तिला त्या टपरीवरून सांधेदुखीच्या कांड्या आणून दिल्या. आता नालोंगोचे गुडघे म्हणजे लुंकुसेची जुनी ओळख. कित्येक वर्षं ती त्यांना पाला बांधत होती, उगाळून लावत होती. थोडं बरं, थोडं वाईट, असं चाललं होतं. त्या टपरीवरच्या कांड्या ती रोज उगाळून चाटायला लागली आणि दोन-तीन दिवसांत नालोंगो ताठ उभी राहिली. चुलत नातीच्या लग्नात ती कमरेला लुगडं बांधून नाचली. लोक ढोल सोडून तिच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती लुंकुसेच्या दारात हजर.

“लबाड कुठली! गावातल्यांना पाणचट देतेस आणि शहरातल्यांना कडक, होय?”

“अगं, पाला तोच आहे.”

“तोच? मग इतकी वर्षं माझ्या गुडघ्यांवर काय चोळत होतीस, चिखल?”

लुंकुसे हसली, पण ते शब्द तिला लागले. पुढच्या वेळी नाबुकालू पाला न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, “सांध्याच्या कांडीत काय घालतेस गं तू?”

“तू देतेस तेच.”

“नालोंगो नाचतेय.”

“मग? आता माझा हात तुझ्यापेक्षा चांगला झाला,” नाबुकालू म्हणाली आणि आत्याच्या गळ्यात हात टाकला. “शिष्य पुढे गेला की गुरूने रागवायचं नसतं, आत्या.”

लुंकुसेने विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता असं नाही. औषध कसं चढतं, कसं उतरतं, हे तिला ठाऊक होतं. दोन दिवसांत गुडघा सोडणारा पाला आमच्या रानात उगवत नाही. पण गळ्यात हात टाकलेल्या पोरीवर संशय कसा घ्यायचा?

नालोंगो हळूहळू गोल व्हायला लागली. गाल वर आले, डोळे बारीक झाले. लोक म्हणाले, दुखणं गेलं, अंगाला लागतंय. दोन माणसांचं मतोके, उकडलेल्या केळ्यांचं जेवण, ती एकटी संपवायची. मग कुठेतरी मेंगो बाजूला वास्वाला काम लागलं आणि कांड्या आणून देणारं कोणी उरलं नाही. उरलेल्या संपल्या. थोड्याच दिवसांनी नालोंगो केळीच्या बागेत पडलेली सापडली, घामाने थबथबलेली, डोळे फिरवलेले. शेजाऱ्यांनी मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून तिला दवाखान्यात नेलं.

कळल्याबरोबर लुंकुसे अंडी आणि पपई घेऊन दवाखान्यात गेली. वास्वा परत आला होता. तो व्हरांड्यात उभा होता. एरवी ‘लुंकुसे मावशी’ म्हणून वाकून नमस्कार करणारा मुलगा. त्या दिवशी त्याने मान वळवली.

“काय झालं रे?”

“मला काय विचारता? तुम्हीच सांगा. आईला काय पाजलंत?”

आतून नर्स बाहेर आली. तिच्या हातात तळाशी चुरा उरलेलं कांडीचं पुडकं होतं, त्यावर लुंकुसेचं हसरं तोंड. नर्सने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“तुम्हीच ना ह्या? ह्या कांडीत सूज उतरवायच्या गोळ्या कुटून घातल्यात. भरपूर. पेशंट रोज घेत होती आणि अचानक थांबली, म्हणून कोसळली. मरता मरता वाचलीय. असं झाडपाल्याच्या नावाखाली लोकांना…” तिने पुढचं गिळलं. “आरोग्य खात्याला कळवलंय आम्ही.”

लुंकुसे खाटेजवळ गेली. नालोंगोने तिला पाहिलं आणि सुजलेलं तोंड भिंतीकडे केलं. अंडी आणि पपई लुंकुसेने कोपऱ्यात ठेवली. परत आणायचीही तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मासाकाला गेली. टपरीवर नाबुकालू गिऱ्हाइकाशी बोलत होती. लुंकुसे सरळ पडद्यामागे शिरली. तिथे तिने पाठवलेला पाला पोत्यात तसाच होता. अर्ध्याला बुरशी लागली होती. पाट्यावर पांढरी पूड होती आणि शेजारी झाकण उघडलेला पांढरा डबा, तोंडापर्यंत बारीक गोळ्यांनी भरलेला.

नाबुकालू आत आली आणि तिने पडदा ओढून घेतला.

“आत्या, येते म्हणून सांगायचं तरी.”

“हे काय आहे?”

“हळू बोल. गिऱ्हाइकं आहेत.”

“नाबुकालू, हे काय आहे?”

नाबुकालूने आधी डब्यावर झाकण ठेवलं. मग खालच्या आवाजात, जणू फार दिवसांपासून पाठ केलेलं असावं तसं, बोलली. “तुझी कांडी नेलेला माणूस परत येत नाही, आत्या. दुखतंच असतं त्याला. इथे लोक गावातल्यासारखे अंगणात बसायला येत नाहीत. त्यांना आज दुखतंय, उद्या कामावर जायचंय. मी पाला घालते, आणि थोडं हे. दवाखान्यातसुद्धा हेच देतात. मग दवाखान्यातलं औषध आणि माझं विष?”

“दवाखान्यात त्यावर माझं तोंड नसतं.”

“तुझं तोंड बघूनच घेतात ना! त्यांना वाटतं, म्हातारी बाई, झाडं, कोंबडी. गोळी म्हटली की घाबरतात. नुसत्या तुझ्या पाल्याने काय होतं, खरं सांग? नालोंगोचे गुडघे इतक्या वर्षांत बरे झाले?”

हे मात्र लुंकुसेच्या वर्मी बसलं, कारण ते खरं होतं. ती पोत्यावर बसली. 

तेव्हा नाबुकालू तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. चुकले, म्हणाली. आजच सगळं फेकून देते, म्हणाली. नवऱ्याला कळलं तर हाकलेल. “तू फक्त गप्प राहा, आत्या. कोणी विचारलं तर माहीत नाही म्हण. बाकी मी निस्तरते.” तिने आत्याचे दोन्ही हात आपल्या तोंडावर धरले होते. ओले, गरम. लहानपणी ताप आला की पोरगी असंच करायची.

लुंकुसे हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. गाडीत बसताना तिने मनाशी ठरवलं होतं की गप्प राहायचं. पोर चुकली, घाबरली, कबूल झाली. आपलं माणूस आहे. नालोंगोच्या पाया पडू, वाटेल तितकी सेवा करू.

रविवारी प्रार्थनेनंतर मुकीबी आला. सायकलला उलटा टांगलेला कोंबडा होता, तांबूस, चांगला जाड. त्याने तो सोडून बहिणीच्या हातात दिला. थोरला भाऊ असा कारणाशिवाय कोंबडा आणत नाही.

“गुरुवारी गावच्या चेअरमनने सभा बोलावलीय,” तो बाकावर बसत म्हणाला. “आरोग्य खात्याचा माणूस येणार आहे. तू फार बोलू नकोस. एवढंच म्हण, की वय झालं, चुकून झालं.”

“माझ्याकडून काय चुकून झालं, दादा?”

“हे बघ. तू म्हातारी. तुला कोण काय करणार? दोन शब्द ऐकवतील आणि सोडतील. तिची पोरं लहान आहेत.”

“तू म्हणतोस, मी केलं म्हणून सांगू?”

मुकीबीने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “नाहीतरी त्यांच्याकडे तसंच गेलंय. तिने सांगितलंय की कांड्या तयारच येतात, आत्याकडून. ती नुसती विकते.”

“कधी सांगितलं?”

“नालोंगोला नेलं ना, त्याच संध्याकाळी. आरोग्यवाला टपरीवर गेला होता, तेव्हा.”

लुंकुसेने मनाशी हिशेब लावला. हिशेब तो काय, एका रात्रीचा. “मी तिच्याकडे गेले ती दुसऱ्या दिवशी सकाळी,” ती म्हणाली. “माझे हात धरून रडत होती, दादा. तेव्हा माझं नाव देऊन झालं होतं?”

“घाबरली असेल.”

“आणि तुला हे कधीपासून माहीत?”

मुकीबी केळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ही जमीन मी तुला दिली तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं, लुंकुसे. बहीण म्हणून दिली. बहिणीनेही कधी भावाचं राखावं.”

इतक्या वर्षांत त्याने जमिनीचं नाव काढलं नव्हतं. लुंकुसे उठली, कोंबड्याचे पाय पुन्हा बांधले आणि तो सायकलला अडकवला.

“दिलेला कोंबडा परत करत नाहीत,” मुकीबी म्हणाला.

“कोंबड्याच्या बदल्यात बहीणही देत नाहीत,” ती म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारी सगळं गाव फणसाखाली जमलं. नाबुकालू नव्या गोमेसीत आली होती, धाकटं पोर कडेवर. चेअरमनने तिला आधी बोलायला सांगितलं. तिने पोर मुकीबीकडे दिलं, लुंकुसेसमोर येऊन गुडघे टेकले आणि लोकांकडे वळून बोलली.

“ही माझी आई,” ती म्हणाली. “पोटातून जन्म दिला नसेल, पण आई हीच. माझ्या आईची नजर आता अधू झालीय. कोणीतरी तिला त्या गोळ्या दिल्या असतील, सांध्यांना चांगल्या म्हणून. तिला काय कळतंय? तिने घातल्या, आणि मी न बघता विकल्या. तेवढी माझी चूक. माझ्या आईला माफ करा. शिक्षा करायची तर मला करा.”

बायका डोळे पुसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, “पोरगी असावी तर अशी.”

लुंकुसे ऐकत होती. ज्या शब्दासाठी एक दिवस ती उपाशी राहिली होती, तो शब्द आज अख्ख्या गावासमोर तिला मिळाला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि तिने पुढे एका बाईला सांगितलं ते असं, की त्या क्षणी तो शब्द घ्यावा असंच वाटलं. आई म्हणाली ना, मग आईने करावं तसं करावं. मान खाली घालावी, सगळं अंगावर घ्यावं आणि घरी जावं. मग तिने नाबुकालूकडे पाहिलं. नाबुकालू तिच्याकडे बघतच नव्हती. ती चेअरमनचा चेहरा वाचत होती.

“तुमचं काय म्हणणं, बाई?” चेअरमनने विचारलं.

“मी हिची आई नाही,” लुंकुसे म्हणाली. “आत्या आहे. ही जन्मभर मला आत्याच म्हणत आली, कोणालाही विचारा. गोळ्या मी पाहिल्या त्या हिच्या टपरीत, पडद्यामागे, पांढऱ्या डब्यात. माझ्या घरात तसलं काही कधी नव्हतं. माझ्या पाल्याने कोणाचं फार भलं झालं नसेल. पण त्याने कोणी कोसळलं नाही.”

कुजबुज सुरू झाली. “पोर पाया पडतेय आणि ही बघा!” “रक्ताचं नाही ना, म्हणून.” रक्ताचं नाही, म्हणे, सख्ख्या भावाची मुलगी! आरोग्य खात्याच्या माणसाने सांगितलं की पहिल्या चौकशीनंतर काही दिवसांनी टपरी त्यांनी तपासली आणि तिथे पाल्याशिवाय काही सापडलं नाही. वास्वाने एवढंच सांगितलं, की कांड्या त्याने टपरीवरून घेतल्या आणि फोटो लुंकुसेचा होता. नालोंगो अजून दवाखान्यात होती. मुकीबी उठला तेव्हा लुंकुसेला वाटलं, आता तरी हा बोलेल. त्याने नातवाला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि पुन्हा बसला.

चेअरमनला कोणालाच दुखवायचं नव्हतं. त्याने निकाल दिला: टपरीवर औषध बंद, आणि लुंकुसेनेही यापुढे गावात कोणाला पाला, कांडी, काही द्यायचं नाही. लोकांना ते न्याय्य वाटलं.

मुकीबीने आपल्या वाडीतून जाणारी तिची पाण्याची वाट काट्या लावून बंद केली. जमीन मात्र मागितली नाही. लोक काय म्हणतील, ही भीती त्यालाही होती. लुंकुसे लांबच्या वाटेने पाणी आणायला लागली. अंगणात येऊन बसणारं कोणी उरलं नाही. रानतुळस फुलून वाळली, रानकारली वेलावरच पिकून फुटली. कोंबड्या तेवढ्या पहिल्यासारख्या होत्या, पण कोंबड्यांशी माणूस किती बोलणार? नाबुकालूची टपरी काही महिने बंद होती, मग ल्यान्तोंडेला नवी टपरी उघडल्याचं कळलं. तिथे फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच म्हातारीचा आहे म्हणतात.

नालोंगो परत आली ती बारीक होऊन, काठी टेकत. बरेच दिवस ती लुंकुसेच्या घरावरून न बघता जायची. एका सकाळी आत वळली आणि जुन्या जागी बसली.

“गोल होत चालले होते ना, तेव्हाच मला कळलं होतं,” ती काठीकडे बघत म्हणाली. “हा तुझा पाला नव्हे. तुझा हात मला माहीत आहे. पण गुडघे दुखत नव्हते गं. दुखत नव्हते म्हणून मी गप्प बसले.”

“दवाखान्यात तोंड फिरवलंस.”

“फिरवलं. मला माझीच लाज वाटत होती, ती तुझ्यावर काढली.” मग म्हणाली, “चेअरमनला जाऊन सांगू?”

“आता सांगून काय होणार?”

तरी नालोंगो गेली आणि सांगून आली. चेअरमन म्हणाला, झालं गेलं ते झालं, आता पुन्हा कशाला उकरायचं? पण त्यानंतर नालोंगो रोज येऊन बसायला लागली. आपल्या गुडघ्यांना लावायला लुंकुसेच्या बागेतला पाला स्वतः तोडायची आणि म्हणायची, “तू देत नाहीयेस. मी चोरतेय. बंदी चोरीला नाही.”

पुढच्या वर्षी, सकाळच्या टॅक्सीने, नाबुकालू आली. पाठीवर नवं बाळ बांधलेलं, तिसरं. कुंपणापाशी ती थांबली. लुंकुसे पपईच्या बुंध्याशी राख घालत होती.

“आत्या, ह्याच्या अंघोळीचा पाला हवाय.”

आमच्यात तान्ह्याला पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घालतात, आणि तो पाला आईच्या माहेरच्या बाईने द्यायचा असतो. पहिल्या दोघांच्या वेळी लुंकुसे बोचकं भरून घेऊन गेली होती आणि मुक्कामाला राहिली होती.

“बाजारात मिळतो की,” लुंकुसे म्हणाली.

“विकतच्याचा भरवसा नाही,” नाबुकालू म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं असावं. ती खाली बघायला लागली.

“मला द्यायची बंदी आहे. फणसाखाली ठरलं, तू होतीस. तुला सगळं शिकवलंय. तोड आणि ने.”

नाबुकालू बागेत शिरली. एका झुडपापाशी गेली, पान चुरगाळून हुंगलं, पुढच्यापाशी गेली, परत मागे आली. पाठीवर बाळ कुरकुरायला लागलं. लुंकुसे राख घालत राहिली. बघायचं नाही असं ठरवून बघत राहिली. नाबुकालूने एका फांदीला हात घातला तेव्हा लुंकुसेला राहवलं नाही.

“ते नाही. अंगावर पुरळ उठेल त्याच्या. त्याच्या मागचं.”

नाबुकालूने मागचं तोडलं. आणखी दोन-तीन ठिकाणी तिने हात घालण्याआधी आत्याकडे पाहिलं, आणि लुंकुसेने नुसती मान हलवली, हो किंवा नाही. जुडी बांधून झाली. नाबुकालू कुंपणापाशी आली आणि उभी राहिली. लुंकुसेही हात धुऊन उभी राहिली. बाळाचं तोंड तिला दिसत होतं, भुवया मुकीबीच्या.

“काही बोलायचंय का तुला?” लुंकुसेने विचारलं.

नाबुकालूने बाळाला पाठीवर जरा वर सरकवलं. “ऊन चढतंय,” ती म्हणाली. “टॅक्सी जाईल.”

दुपारी नालोंगो आली. तिला वाटेतच कळलं होतं.

“दिलास पाला?”

“तिनेच तोडला.”

“माफी मागितली?”

“नाही.”

“मागितली असती तर?”

लुंकुसे सुपातला मका कोंबड्यांना टाकत होती. तिने सूप उपडं करून झटकलं.

“मागितली नाही ना पण,” ती म्हणाली.